शुद्ध कशापासून आणि किती काळ?

व्यापारी घराण्याची एक जुनी शिस्त असते. गूळ घेताना ढेप फोडून पाहिली जाते. धान्याच्या पोत्यात टोकदार नळी खुपसून मूठभर नमुना तळहातावर घेतला जातो. सोने कसाला लागल्याशिवाय तिजोरीत जात नाही. नमुना न पाहता सौदा करणाऱ्याला बाजारात फार काळ कोणी शहाणा म्हणत नाही. मात्र त्याच घरात दिवसातून पन्नासदा हाताळली जाणारी एक वस्तू बहुधा केवळ विश्वासावर घेतली जाते. ती वस्तू म्हणजे पाणी. ते निवळ दिसले, चवीला गोड लागले आणि भिंतीवरच्या यंत्राचा दिवा पेटलेला असला, की चौकशी संपते.

जैन घरांत तर ही गोष्ट अधिकच विसंगत वाटावी. पाण्याकडे इतक्या बारकाईने पाहणारा आचार अन्यत्र क्वचितच आढळेल. दुहेरी जाड सुती वस्त्रातून पाणी गाळावे. गाळल्यावर ते वस्त्र गाळलेल्याच पाण्याने हलकेच धुऊन, त्यातील जीव ज्या विहिरीतून वा नदीतून पाणी आणले तेथेच परत सोडावेत, हा नियम घडवंचीवरच्या हंड्याइतकाच जुना आहे. गाळलेल्या पाण्यालाही मुदत आहे. ती संपली की पुन्हा गाळावे लागते. उकळलेले पाणी किती प्रहर वापरावे, याची मर्यादा श्वेतांबर परंपरेत ऋतूनुसार बदलते: उन्हाळ्यात पाच प्रहर, हिवाळ्यात चार आणि पावसाळ्यात तीन. या आचाराचा हेतू जीवरक्षेचा आहे, हे खरे. तरी त्याच्या मुळाशी दोन प्रश्न स्पष्टपणे उभे आहेत. पाणी शुद्ध म्हणायचे ते कशापासून? आणि किती काळ? आजच्या बाजारात पाण्याविषयी जेवढी दिशाभूल होते, ती हे दोन प्रश्न विचारणे सुटल्यामुळे होते.

गाळण्याच्या वस्त्राचे सामर्थ्य आधुनिक विज्ञानानेही मोजले आहे. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातील मतलब भागातील ६५ खेड्यांत एक प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. जुनी सुती साडी अनेक पदरी दुमडून त्यातून तळ्याचे व नदीचे पाणी गाळायला तेथील स्त्रियांना शिकवण्यात आले. पटकीचे जंतू एकेकटे असताना अशा वस्त्रातून सहज निसटतात. पण ते पाण्यातील अतिसूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतात आणि ते प्राणी वस्त्रात अडकतात. एवढ्या साध्या उपायाने त्या खेड्यांतील पटकीचे प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी घटले. वस्त्राचे महत्त्व या आकड्यात आहे आणि त्याची मर्यादाही याच आकड्यात आहे. निम्मा धोका टळला, निम्मा उरला.

उरलेल्या धोक्याचे स्वरूप किती फसवे असते, हे दिल्लीने १९५५ च्या अखेरीस अनुभवले. पुरानंतर यमुनेचे पात्र सरकले आणि नजफगढ नाल्याचे सांडपाणी वजिराबाद येथील पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत पोहोचले. जलशुद्धीकरण केंद्रात क्लोरीनची मात्रा वाढवण्यात आली. टायफॉइडसारख्या रोगांची मोठी साथ त्यामुळे आली नाही. तरीही काही आठवड्यांतच शहरात काविळीचे सुमारे २९ हजार रुग्ण आढळले. पाणी गाळलेले होते, क्लोरीन घातलेले होते, डोळ्यांना स्वच्छ दिसत होते. विषाणू मात्र त्यातून घरोघर गेला. आज तो रोग हिपॅटायटिस ई या नावाने ओळखला जातो. जिवाणूंविरुद्ध पुरेसा ठरलेला उपाय विषाणूला पुरा पडला नाही.

जंतूंपलीकडे दुसरा एक वर्ग आहे. फ्लोराईड, नायट्रेट, आर्सेनिक, शिसे हे पदार्थ पाण्यात विरघळलेले असतात. त्यांना रंग नसतो, वास नसतो आणि सापडतात तेवढ्या प्रमाणात बहुधा चवही नसते. वस्त्र त्यांना अडवत नाही, तुरटी फिरवून पाणी निवळले तरी त्यांतील बहुतेक तसेच राहतात, अतिनील किरणांचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. उकळण्याने तर उलट घडते. वाफ होऊन पाणी उडते आणि क्षार भांड्यातच राहतात, म्हणजे त्यांचे प्रमाण थोडे वाढते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील अनेक गावांत मुलांच्या दातांवर दिसणारे पिवळे-तपकिरी डाग फ्लोराईडचे आहेत. तेच पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले तर सांधे आखडतात, कणा वाकतो. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालानुसार देशातील तपासलेल्या भूजलाच्या सुमारे २० टक्के नमुन्यांत नायट्रेट आणि सुमारे ९ टक्के नमुन्यांत फ्लोराईड मर्यादेबाहेर होते. शेतात पडणारे खत आणि गावाचे सांडपाणी जमिनीतून झिरपत जाते, तेथूनच नायट्रेट बोअरमध्ये उतरते.

मर्यादा कोणती, हे भारतीय मानक ब्युरोने पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० या मानकात लिहून ठेवले आहे. फ्लोराईड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोत नसल्यास फार तर १.५ पर्यंत चालावे. नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर नसावे. येथे कोणतीही सवलत नाही. शिशाची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम, तीही सवलतीविना. एकूण विरघळलेले क्षार, ज्यांना सर्वत्र टीडीएस म्हटले जाते, ते ५०० मिलिग्रॅमपर्यंत योग्य आणि पर्याय नसल्यास २००० पर्यंत. शंभर मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा विष्ठेतून येणारा जिवाणू एकही आढळू नये. नायट्रेटला सवलत नसण्याचे कारण तान्ही मुले आहेत. सहा महिन्यांच्या आतील बाळाच्या पोटात अधिक नायट्रेट गेले, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते आणि ओठ व नखे निळसर पडतात. ही गोष्ट १९४५ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यात विहिरीच्या पाण्यावर वाढवलेल्या बाळांच्या निमित्ताने प्रथम नोंदवली गेली.

कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी भांड्यांचे एक जुने दुकान आहे. तांब्या-पितळेचा व्यवहार मंदावल्यावर त्या घरातील धाकट्या पिढीने दुकानात पाणी शुद्ध करण्याची यंत्रे ठेवली आणि विक्री उत्तम चालली. विक्रीचे साधन होते दोन पेल्यांचा एक प्रयोग. एका पेल्यात गिऱ्हाइकाच्या घरचे पाणी, दुसऱ्यात यंत्रातले. दोन्हींत धातूच्या सळया बुडवून वीज सोडायची. काही क्षणांत घरच्या पाण्यात तपकिरी गाळ उसळतो आणि यंत्रातले पाणी जवळजवळ तसेच राहते. गिऱ्हाईक घाबरते आणि यंत्राची ऑर्डर देते.

त्या घरातील वडील, ज्यांना सारे अप्पा म्हणतात, गल्ल्यावर बसून हे पाहत असत. एकदा त्यांनी घरच्या पाण्याच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकायला लावले. गाळ आणखी दाट झाला. मग यंत्रातल्या शुद्ध पाण्यातही मीठ टाकायला सांगितले. तेही तपकिरी झाले. उलगडा साधा होता. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते आणि लोखंडी सळई झिजते. तो रंग सळईच्या गंजाचा असतो. यंत्रातल्या पाण्यात क्षार नसल्यामुळे वीजच वाहत नाही.

“अप्पा, सळया घातल्याशिवाय गिऱ्हाईक हलत नाही,” मुलगा म्हणाला.

“हलतंय ते भीतीनं,” अप्पा म्हणाले. “तराजूत भीती घालून विकायची, तर मग मापात पाप म्हणतात ते निराळं काय असतं?”

त्याच महिन्यात घरची लेक बाळंतपणासाठी माहेरी आली होती. मुक्काम मळ्यातल्या घरी होता. तेथे नगरपालिकेचे नळाचे पाणी नाही. उसाच्या शेताकडेचे बोअर आहे. बाळाला दूध पुरेनासे झाले, तेव्हा डॉक्टरांनी वरचे दूध सुरू करायला सांगितले. आजी पाणी चांगले वीस मिनिटे उकळून, गाळून, मगच त्यात पावडर कालवी. मुलाने दुकानातले टीडीएस मीटर बुडवून पाहिले. आकडा ५०० च्या आत होता. सर्वांचे समाधान झाले. अप्पांचे झाले नाही. त्यांनी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत बोअरचे आणि गावातल्या नळाचे, अशा दोन बाटल्या पाठवल्या.

अहवालाने घरातल्या दोन्ही समजुती उलट्या केल्या. गावातले नदीचे पाणी क्षारांच्या दृष्टीने निर्दोष होते. त्यात दोष होता तो एवढाच, की नळाच्या शेवटच्या टोकाला क्लोरीन जवळजवळ उरलेले नव्हते. बोअरच्या पाण्यात नायट्रेट मर्यादेच्या दीडपटीहून अधिक होते. म्हणजे ज्या गल्ल्यांत दुकानाने आर.ओ. यंत्रे विकली, तेथे त्यांची गरज नव्हती. आणि ज्या घरात तान्हे बाळ होते, तेथे आजीच्या श्रद्धेने उकळलेल्या पाण्यातला दोष उकळीगणिक किंचित वाढतच होता. बाळाला त्रास झाला नव्हता. त्याच दिवशी बाळासाठी गावातले पाणी नेण्यास सुरुवात झाली, ते मात्र अवश्य उकळून. आणि पुढच्या आठवड्यात मळ्यातल्या घरी आर.ओ. बसले.

या प्रसंगातून टीडीएस मीटरविषयी एक गोष्ट ध्यानात येते. हे मीटर पाण्याची विद्युतवाहकता पाहून क्षारांचा एकूण अंदाज देते. तो क्षार निरुपद्रवी चुन्याचा आहे की नायट्रेटचा, हे त्याला कळत नाही. ते एकेका मिलिग्रॅमच्या हिशेबाने बोलते. शिसे वा आर्सेनिकची मर्यादा एका मिलिग्रॅमचा शंभरावा भाग आहे. जंतूंचा तर त्याला पत्ताच नसतो. सांडपाणी मिसळलेल्या नळाच्या पाण्याचा टीडीएस २०० असू शकतो आणि उत्तम विहिरीचा ६००.

आर.ओ. यंत्र नायट्रेट, फ्लोराईड, आर्सेनिक बऱ्याच अंशी काढते; जेथे ते दोष आहेत तेथे ते आवश्यक ठरते. परंतु त्याची किंमत पाण्यातच मोजावी लागते. घरगुती यंत्रांत एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर पाणी मोरीत जाणे ही सामान्य गोष्ट आहे. सहा माणसांच्या घरात पिण्यास व स्वयंपाकास रोज वीस लिटर लागले, तर साठ लिटर वाया. वर्षाला सुमारे २२ हजार लिटर. पाण्याच्या थेंबालाच सजीव मानणाऱ्या आणि गाळलेल्या वस्त्रातले जीवही विहिरीत परत सोडणाऱ्या परंपरेला हा हिशेब सहज पचू नये. राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये याच कारणासाठी, पाण्याचा टीडीएस ५०० पेक्षा कमी असेल तेथे आर.ओ.वर बंदी घालावी आणि यंत्रांतून किमान ६० टक्के पाणी वापरायोग्य मिळावे, असे निर्देश दिले. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जलशुद्धीकरण यंत्रणांच्या वापराचे नियमन करणारे नियम अधिसूचित केले. आर.ओ. यंत्रांसाठी आयएस १६२४० हे स्वतंत्र भारतीय मानकही आहे. तथापि अमुक घरात यंत्र लागते की नाही, हे तपासायला कोणताही निरीक्षक स्वयंपाकघरात येणार नाही. तो निर्णय विकणारा आणि घेणारा यांच्यातच होतो.

यंत्रावरच्या शिक्क्यांचेही असेच आहे. परदेशातून आलेल्या फिल्टरांवर अमेरिकेतील एनएसएफ संस्थेच्या मानकांचे क्रमांक छापलेले असतात. त्यांतील ४२ क्रमांकाचे मानक क्लोरीनची चव, वास अशा गोष्टींपुरते आहे. ५३ क्रमांकाचे मानक आरोग्याला घातक अशा शिशासारख्या दोषांविषयी आहे. आणि ५८ क्रमांक आर.ओ. यंत्रांचा आहे. ४२ चा शिक्का असलेला फिल्टर खोटा नसतो. त्याने शिसे काढण्याचे वचनच दिलेले नसते. म्हणून शिक्का आहे का, एवढे विचारून भागत नाही. शिक्का कोणत्या दोषासाठी, हे विचारावे लागते.

बाटलीबंद पाणी घेतले की प्रश्न मिटतो, असे मानणारेही पुष्कळ आहेत. अशा पाण्याला २००१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. फेब्रुवारी २००३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने बाटल्यांतील कीटकनाशकांचे अंश उघड केल्यावर त्या वर्षी मानके अधिक कडक करण्यात आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ही चिन्हाची सक्ती उठवण्यात आली आणि पुढच्याच महिन्यात भारतीय अन्न सुरक्षा व मानक प्राधिकरणाने बाटलीबंद पाणी अधिक जोखमीच्या अन्नपदार्थांच्या वर्गात घातले. लग्नकार्यात आणि दुकानांत पोहोचणारे थंड पाण्याचे जार मात्र पुष्कळदा सीलबंद नसतात. त्यांवर ना तारीख असते, ना परवाना क्रमांक. पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बारी या मज्जातंतूंच्या आजाराची साथ उद्भवली, तेव्हा काही खाजगी आर.ओ. प्रकल्पांच्या पाण्यातही कोलिफॉर्म जिवाणू आढळले आणि महापालिकेने असे अनेक प्रकल्प बंद केले. आर.ओ. या दोन अक्षरांवर विसंबलेल्यांना तो मोठा धडा होता. यंत्रातून निघालेले पाणी अस्वच्छ टाकीत साठवले, अस्वच्छ जारमध्ये भरले, तर मधल्या शुद्धीला अर्थ उरत नाही. उकळलेल्या पाण्याला प्रहरांची मर्यादा घालणाऱ्यांनी हेच ओळखले होते. यंत्रातील कार्ट्रिजलाही तशीच मुदत असते. मुदत उलटलेला फिल्टर जंतूंचे वसतिस्थान बनतो.

कृष्णाकाठच्या त्या दुकानाने सळयांचा प्रयोग बंद केला. आता यंत्र मागायला आलेल्याला प्रथम पाण्याचा अहवाल विचारला जातो; नसेल तर बाटली प्रयोगशाळेत पोहोचवण्याची व्यवस्था दुकान करते. नदीच्या नळाचे पाणी असलेल्यांना आर.ओ. ऐवजी स्वस्त अतिनील यंत्र वा साधा फिल्टर सुचवला जातो. फिल्टर बदलण्याची तारीख बिलावर लिहून दिली जाते. पहिल्या वर्षी गल्ला घटला. मुलाने तसे बोलूनही दाखवले. अप्पांनी वहीतले एक पान दाखवले: वाडीवस्तीवरची, बोअरचे पाणी पिणारी, आधी कधी दुकानात न आलेली घरे त्या वर्षी अहवाल हाती घेऊन आली होती. घट पूर्ण भरून निघाली नाही. अप्पांनी तीही वहीत मांडून ठेवली.

तपासणी अवघड नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी आणि अनेक उपविभागांत आहेत व तेथे सामान्य माणसाला अल्प शुल्कात नमुना देता येतो. रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ बाटली त्याच पाण्याने विसळून भरावी. जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली घ्यावी, तिच्या तोंडाला हात लावू नये आणि काही तासांच्या आत ती थंड ठेवून पोहोचवावी. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा तपासणी व्हावी, कारण भूजलाची प्रत ऋतूसोबत बदलते. गावात पाणीपुरवठ्याच्या टाकीत टीसीएल पावडर पडते की नाही, नळाच्या शेवटच्या घरी क्लोरीन पोहोचते की नाही, हे ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. फ्लोराईडच्या गावांत आर.ओ. परवडत नसेल, तर नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेली तुरटी आणि चुन्याची नलगोंडा पद्धत सामुदायिक पातळीवर वापरता येते.

जैन समाजात पाणी पाजणे हे मोठे पुण्य मानले गेले आहे. बाजारपेठेतील पाणपोया, धर्मशाळांतील कूलर, भोजनशाळांतील टाक्या अनेक कुटुंबांनी आपल्या वाडवडिलांच्या स्मरणार्थ दिल्या आहेत आणि त्यांवर दात्यांची नावे संगमरवरात कोरलेली आहेत. उन्हातून आलेला हमाल, शाळेतून परतणारे मूल, यात्रेतील वृद्ध तेथे ओंजळ पुढे करतात, तेव्हा ते त्या नावावर विश्वास टाकतात. त्या पाटीशेजारी एक छोटी पाटी अजून लावता येईल. पाण्याची शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली, फिल्टर कधी बदलला आणि पुढची तपासणी कधी आहे, एवढ्या तीन ओळी तिच्यावर पुरेत. तिला संगमरवर लागत नाही. दर सहा महिन्यांनी पुसून नवी तारीख लिहिता येईल, असा साधा फळा पुरे.